वीस दिवसांत संपलेल्या गोळ्या

संतरामच्या छातीत चालताना कळ यायची, म्हणून हिंगोलीच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली होती. या खेपेला महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांतच संपल्या.

डॉक्टर चिडले. "मनानं दोन-दोन खाऊ नका काका, चक्कर येऊन पडाल."

"न्हाई हो, एकच खाऊन राहिलो."

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं. चतुराबाई शेळ्यांना पाला टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच घेते तुमच्यातली. मलाबी तसंच दुखतं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"दोघंबी आजारी पडून राहिलो, तर शेळ्या कोण पाहील?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासणीचा कागद दोनदा पाहिला. मग हळूच म्हणाले, "यांचं दुखणं तुमच्यापेक्षा फार पुढं गेलंय. आधी का नाही आणलं?"

संतराम बाहेर येऊन बाकावर बसला. दोन वर्षं तो आत तपासून घ्यायचा, तेव्हा चतुराबाई याच बाकावर छातीला हात लावून बसलेली असायची. त्याला वाटायचं, आपल्याच काळजीनं बसलीय.