वर येताना

"पुढचो प्रश्न वाच," सुरीने शिंपले उघडत बाबा म्हणाले. उद्या त्यांच्या मुलीची स्कुबाची लेखी परीक्षा होती. बुडी मारण्यातलं आपल्याइतकं मालवणात कुणाला कळतं, म्हणून ते हटून उजळणी घ्यायला बसले होते.

जन्मभर त्यांनी छातीत हवा भरून बुड्या मारल्या. डोकं पाण्याबाहेर निघेपर्यंत श्वास सोडायचा नाही, हा धडा दोन्ही पोरांनी त्यांच्याकडूनच गिरवला होता. गेल्या वर्षी खडकात अडकलेला नांगर सोडवायला दादा उतरला, तो मात्र मागून आणलेली हवेची टाकी पाठीला बांधून. वर आला तेव्हा तोंडातून रक्त येत होतं. होडीतच तो गेला.

तिने प्रश्न वाचला. "टाकीतली हवा घेणाऱ्याने वर येताना काय करावं?" उत्तरांखाली पुस्तकात कारणही दिलं होतं. वर येताना छातीतली हवा फुगत जाते, श्वास रोखून धरला तर फुप्फुसं फाटतात. ती ओळ तिने मोठ्याने वाचली नाही.

"ह्यात काय इचारूचा? श्वास धरून ठेवूचो," बाबा म्हणाले. सुरी हातात तशीच राहिली. "तुज्या भावान माजा आयकला नाय. आयकला असता तर आज जितो असतो."

तिने पेन्सिल उचलली.

"काय गो, बरोबर मा?"

"बरोबर, बाबा," ती म्हणाली, आणि पुस्तक जरा आपल्याकडे तिरकं धरून तिने दुसऱ्याच उत्तरावर खूण केली.