वेदना मुळीच झाल्या नाहीत

ब्रिगेडियर जनरल ॲम्ब्रोज थर्लबी यांना फ्रान्सच्या आघाडीवर वीरमरण आलं. गोळी थेट हृदयात लागली, प्राण क्षणात गेला, वेदना मुळीच झाल्या नाहीत.

मुख्यालयातून आलेलं हे पत्र त्यांच्या पत्नीने तीनदा वाचलं आणि बाजूला सारलं. नवरा नेमका कसा गेला, ते कुणीतरी खरं सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी धुतलेले कपडे घेऊन धोबीण मिसेस पॉबजॉय आली. तिने पत्र वाचलं आणि तिचा चेहराच उजळला.

"अहो बाईसाहेब, आमचा पोरगा जेम लढाईत गेला तेव्हा तुम्हीच पत्र धाडलं होतंत ना? त्यातही अगदी हेच! गोळी हृदयात, वेदना नाहीत. आमच्या आळीतून लढाईवर गेलेले सहाही जण तसेच गेले बघा, पटकन. साहेब असो की शिपाई, देव काही दुजाभाव करत नाही. त्या ओळीच्या जिवावरच तर मी दोन वर्षं काढली."

बाईसाहेबांनी तिच्या हातून पत्र परत घेतलं आणि त्याची घडी घातली.



जनरलसाहेबांनीच ठरवून दिलेली ती ओळ, कोण कसं मेलं याची चौकशी न करता, बाईसाहेबांनी शिपायांच्या घरी धाडलेल्या एकशे बारा पत्रांत स्वतःच्या हाताने लिहिली होती.