विमानांच्या गदारोळात

परसूआप्पाला अमेरिकेतल्या त्या विमानांच्या जत्रेतून मिळणार होती ती निव्वळ फुशारकी, पण वडगावच्या चहाच्या टपरीवर वर्षभर पुरेल एवढी. म्हणून तर आजारी बायकोला, जयाबाईला, लेकीवर सोपवून तो पोराकडं, कुमारकडं आला होता. "जावा की, मी कुठं पळून चाललेय?" असं तीच म्हणाली होती.

मैदानात कुमारला गावाकडून बहिणीचा फोन आला. त्यानं तिचं ऐकून घेतलं, तोच लढाऊ विमानं डोक्यावरून गेली आणि हजारो लोकांनी कान झाकले. या गदारोळात बापाला काय ऐकू येणार, म्हणून तो समोरच उभा राहून बोलला, "आक्का, आईचं आजच उरकून घ्या. आप्पांना आत्ता सांगायचं न्हाय. इतकं खूश कधी बघितलं न्हाय त्यांना."

पण आप्पाची सारी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली. तिथं नवरा-बायको बोलत ते एकमेकांचे ओठ वाचूनच.

आणखी विमानं गरजत आली. आप्पा म्हणाला, "तिला दोन दिस ठेवा रं. मी येतो."

आवाज विरला. "काय म्हणालात आप्पा?" डोळे पुसून, ओढूनताणून हसत कुमारनं विचारलं.

आप्पानं ते हसू पाहिलं. "काय न्हाय रं. लई भारी हाय म्हनलो."

बाप-लेकानं एकमेकांचं मन राखलं. तिकडं जयाबाई सवाष्ण गेली, पण नवऱ्याच्या हातचं शेवटचं कुंकू न लागताच.