पुढच्या दिवाळीला बघू

"ही जांभळी आवडली ना?" एवढंच यांनी विचारलं. पैठणीवरची किमतीची चिठ्ठी उलटून पाहिलीच नाही.

एकवीस दिवाळ्या काढल्यात मी या माणसासोबत. आकाशकंदिलाच्या कामट्या माळ्यावर जपून ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी नुसता कागद बदलायचा, ही यांची रीत. उटण्याची पुडीसुद्धा चार दुकानं फिरून घेणार. मी पैठणीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "पुढच्या दिवाळीला बघू." असा वैताग यायचा! चिक्कू म्हणून कितीदा भांडलेही.

पण सोमवारी हे स्वतःच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला एकटेच गेले आणि येताना तयार कंदील घेऊन आले. रिपोर्टचं विचारलं, तर म्हणाले, "सगळं ठीक आहे गं." मग माळ्यावरच्या जुन्या कामट्या काढल्या आणि स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकल्या.

दुकानदारानं जांभळीशेजारी एक मोरपंखी पैठणी पसरली.

"अहो, फार महाग आहेत," मी म्हणाले. "पुढच्या दिवाळीला बघू."

यांनी फक्त मान डोलवावी, नेहमीसारखं लगेच उठावं, एवढंच मी देवाकडे मागत होते.

हे हसले. माझ्याकडे न बघता दुकानदाराला म्हणाले, "दोन्ही बांधा. एक यंदाची, एक पुढच्या दिवाळीची."