सादाएबाईंची शिकवणी

“मी वाचलं की वर्ग हसतो,” चिहारू म्हणाली आणि चहाच्या पेल्यात बघत राहिली.

शुक्रवारी तिला इंग्रजीचा धडा वर्गापुढे उभं राहून वाचायचा होता. पुन्हा हसले तर शाळेत पाऊल टाकणार नाही, असं तिने आईला बजावलं होतं. नवऱ्याची बदली झाली म्हणून ही आई नुकतीच शेजारी राहायला आली होती. लेकीला सादाएबाईंच्या हवाली करून ती घाईने निघून गेली.

बाईंची उभी हयात जपानातल्या त्सुयामा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. पोरीचा पडलेला चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. पण विद्यार्थिनी मिळाली म्हणून मनातून त्या खूशही झाल्या.

“वाच बघू. कुठे चुकतं ते कळू दे.”

“आधी तुम्ही वाचा ना, बाई.”

बाईंनी कपाटातून जुनी कॅसेट काढली. तिच्यात एका गोऱ्या बाईने सगळे धडे वाचले होते. चिहारूने मान हलवली. कॅसेट नको, तुमच्यासारखंच वाचायला शिकवा, असा हट्टच धरला तिने. बाईंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, “अगं, माझा ‘ल’ आणि ‘र’ एकच. अमेरिकेचा माणूस पोट धरून हसेल.”

“वर्गात अमेरिकेचं कुणी नाहीये.”

बाईंनी चष्मा पुसला आणि धडा उघडला.

रोज शाळा सुटली की चिहारू यायची. बाई ‘मिल्क’ला ‘मिरुकु’ म्हणाल्या की तीही ‘मिरुकु’ म्हणायची. शेवटचा उकार मात्र तिच्या तोंडून हमखास गळायचा. मग कपाळावर हात मारून ती पुन्हा सुरुवात करायची. इतकी चिकाटी बाईंनी कुणात पाहिली नव्हती. एकदा त्यांनी तिला जपानीत चार ओळी लिहायला दिल्या, तर निम्मी अक्षरं चुकलेली. बिचारी सगळ्यातच मागे आहे, असं म्हणून बाईंनी तिच्यापुढे आणखी एक पर्सिमनचं फळ चिरून ठेवलं.

शुक्रवारी दुपारपासून बाई घड्याळाकडे बघत होत्या. संध्याकाळी दार सरकलं. मायलेकी उभ्या होत्या, आईच्या हातात मिठाईचा डबा.

“कुणी हसलं नाही, बाई,” चिहारू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “शेजारची मुलगी म्हणाली, सोमवारी जेवताना बाकं जोडू.”

बाईंनाही रडू आवरेना. इतक्या वर्षांच्या शिकवण्याचं चीज झालं असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात चिहारूचा फोन वाजला. ती पायरीवर जाऊन बोलू लागली, खळखळून हसू लागली. बाईंनी कान दिला. कॅसेटमधल्या बाईसारखेच उच्चार होते, पण इतके भरभर की त्यांना एक वाक्य धड समजेना.

“टोरांटोची मैत्रीण,” आई म्हणाली. “चिहारू जन्मापासून तिकडेच वाढली ना, बोलली असेलच ती तुम्हाला. इथे इंग्रजीत तोंड उघडलं की मुलं म्हणायची, मोठी आली शहाणी.” तिने कमरेत वाकून नमस्कार केला. “तुमचे उपकार कसे फेडू, बाई? आता अगदी तुमच्यासारखं बोलते.”