हमूर बिळात शिरला की

"ओढायचं नाही," ताहिर म्हणाला. "हमूर ओढून येत नसतो."

आखातातल्या हिद्दचा किनारा सुटल्यापासून त्याचा उपदेश चालू होता. होडी त्याची, समुद्रही जवळजवळ त्याचाच, आणि हिंदी भाऊच्या धक्क्यावर शिकलेली. त्याला अडवणार कोण? जुम्म्याची नमाज आटोपून तो या दोघा वसईकरांना घेऊन निघाला होता. एक पायस, एक मॅथ्यू. हमूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू, एवढं दोघांना ठाऊक होतं. बाकीचं ताहिर शिकवणार होता.

"हा तळाला दगडात राहतो, घरकोंबडा. आमिष उचलतो आणि सरळ बिळात. मग अंग फुगवून बसतो. तू ओढ, नाहीतर तुझा बाप ओढू दे, दोरी तुटेल. श्वै श्वै, हळूहळू. ढील द्यायची. त्याला वाटलं पाहिजे, वरचा माणूस गेला. मग येतो आपणहून बाहेर."

मॅथ्यूने मान हलवली. कालपासून तो सगळ्यालाच मान हलवत होता.

काल संध्याकाळी तार आली होती. आय गेली, माती शुक्रवारी पाचला. मॅथ्यूचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली ज्याच्या खिशात तो साहेब साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून बसलेला. शनिवारशिवाय तो यायचा नाही, खलास. गावात मातीची पहिली मूठ थोरल्याने टाकायची असते, मग बाकीच्यांनी. आता ती धाकट्या आलोशियसच्या हातात देतील. मॅथ्यूने तारेची घडी घालून खिशात ठेवली आणि आजचा शर्ट इस्त्री केला. रडू कुठे आहे ते त्याने चाचपून पाहिलं, दुखरा दात जिभेने शोधावा तसं. कुठेच काही लागलं नाही.

होडी पायसने आधीच ठरवून ठेवली होती. पायस वाईट माणूस नव्हे. फक्त दुसऱ्याच्या दुःखापायीसुद्धा आपला शुक्रवार वाया जाऊ नये, एवढं त्याला वाटे. "खोलीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा चल," असं त्याने म्हटलं, आणि त्यातलं अर्धं तरी त्याला मनापासून वाटत होतं. ताहिरला मात्र काही सांगायचं नाही, हेही त्यानेच ठरवलं. सांगितलं असतं तर ताहिरने नांगरच उचलला नसता.

ताहिरने आमिषासाठी तारल्या ठेचल्या, बादलीतल्या ओल्या रेतीत मळल्या, लाडू वळला आणि पाण्यात सोडला.

"रेती कशाला?" पायसने विचारलं.

"वजनाला. नुसती तारली वरच तरंगेल, पोरंसोरं खाऊन जातील. रेती तिला तळापर्यंत पोचवते."

मॅथ्यूने बादलीकडे पाहिलं.

थोड्या वेळाने त्याच्या दोरीला हिसका बसला. त्याने ओढलं नाही. दोरी सरसर गेली आणि दगडाला बांधल्यासारखी घट्ट झाली.

"शिरला बिळात," ताहिर खूश होऊन म्हणाला. "ढील दे. आता घाई नाही. किती वाजले?"

"पाचला दहा कमी."

ताहिरने सूर्याकडे पाहिलं. "पाच? अरे, दुपारची असरची बांग व्हायचीय अजून."

"त्याचं घड्याळ वसईचं आहे," पायस म्हणाला. "सहा वर्षं झाली. पगार इथला घेतो, वेळ तिकडची पाळतो." म्हणून झाल्यावर त्याने ओठ मिटले आणि आपल्या दोरीत डोकं घातलं.

ताहिरला गंमत वाटली. "मग आता काय चाललंय तुझ्या वसईत?"

"चर्चमधून निघत असतील."

"कोण?"

"घरचे. सगळा गाव."

"सगळा गाव," ताहिर म्हणाला. "बरं आहे. आमच्याकडे जुम्म्यालासुद्धा निम्मे झोपलेले असतात."

दोरी ढिली पडली होती. बोटाला काही लागत नव्हतं. ताहिर म्हणाला, असंच असतं, तो आत असतोच.

मग मॅथ्यूने दोरी पायसच्या हातात दिली. घड्याळ पुन्हा पाहिलं. समुद्राच्या पाण्यात हात धुतले, शर्टाला पुसले. बादलीच्या ज्या बाजूला मासा लागला नव्हता तिथली मूठभर रेती घेतली आणि होडीच्या कडेवरून, हात पुरता खाली नेऊन, सोडली. रेती पाण्यात पसरली, थोडा वेळ दिसत राहिली.

पायसने दोन्ही दोऱ्या गुडघ्याखाली दाबल्या आणि टोपी काढली. जरा थांबून त्यानेही एक मूठ टाकली. टोपी त्याने पुन्हा घातली नाही.

ताहिर दोघांकडे बघत राहिला. एवढं शिकवून झाल्यावर हे शिष्य.

"अरे बाबा, आमिष नाही, काही नाही," तो म्हणाला. "नुसती रेती टाकून खालून कोणी वर येत नाही."

"ठाऊक आहे," मॅथ्यू म्हणाला, आणि त्याने बादलीत पुन्हा हात घातला.