माशांचं पाणी

“शेवाळ माशांमुळे नाही येत, साहेब. तुमच्या पाण्यामुळे येतंय. दोष तुमच्या खात्याचा आहे.”

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने हे पाणीपुरवठा कार्यालयाच्या हॉलमध्ये, मोठ्या साहेबांच्या तोंडावर सांगितलं.

टाकी ही साहेबांचीच अक्कल. गावभर पाण्याच्या नावाने बोंब चालली होती. त्यावर पाइप बदलायचे सोडून साहेबांनी हॉलच्या दारातच काचेची टाकी बसवली. नळाच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र केला, त्यात रंगीत मासे सोडले, वर पाटी लावली : ‘आपलेच पाणी’. मासे जगले की तक्रारवाल्यांची तोंडं बंद.

मासे जगले. शेवाळ त्यांच्याहून जोमाने जगलं. आधी वाळूवर तपकिरी थर, मग दगडांना हिरव्या जटा, मग सगळ्यावर लालसर बुळबुळीत साय. दुकानदाराने शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी विकल्या, मंद दिवा विकला, औषध विकलं. पाणी बदलावं तर शेवाळ आणखी माजायचं. शेवाळाला कारणे दाखवा नोटीस काढायची तेवढी राहिली होती. अखेर विकण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा दुकानदार खरं बोलला.

त्याने पाणी तपासायची एक पट्टी नळाखाली धरली. ती गुलाबी झाली.

“नायट्रेट. खताचं नाहीतर गटाराचं पाणी मुरतंय कुठेतरी. शेवाळाची चंगळ आहे.”

“मग उकळून घाला!” साहेब कडाडले.

“उकळून जात नाही ते. उलट पाणी आटलं की आणखी वाढतं.”

तक्रार खिडकीवरच्या बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. ‘पाणी शुद्ध आहे, उकळून प्या’ एवढं सांगण्याचाच त्यांना पगार होता. घरी तान्ही लेक होती, वरच्या दुधावर. त्या पावडरच्या दुधात घालायचं पाणी बाई स्वतः उकळायच्या. मायेपोटी जरा जास्तच. आणि लेकीचे ओठ हल्ली निळसर दिसत होते.

“आणि तान्ह्या बाळाला चालतं का हो हे?” त्यांनी विचारलं.

दुकानदाराने साहेबांकडे पाहिलं. “मी माशांचं सांगतोय, ताई.”

बाई तशाच उठून लेकीला घेऊन डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टरांनी ओठ पाहिले, नखं पाहिली, लेकीला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि तिच्या दुधातलं नळाचं पाणी तिथल्या तिथे बंद केलं.

इकडे खातं विजेच्या वेगाने हललं. वर्षानुवर्षं पाइपची फाईल कूस बदलत नव्हती. माशांसाठी विकतच्या शुद्ध पाण्याला मात्र दुपारच्या आत मंजुरी मिळाली. मागच्या खोलीत कॅनची रांग लागली. टाकी निवळली, मासे खुलले.

लेक बरी होऊन घरी आल्यावर बाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “लोकांना खरं सांगू द्या, साहेब. आणि पाइप बदलेपर्यंत ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, त्यांना यातला एकेक कॅन द्या. माझ्याही घरी आहे.”

“तक्रार खिडकीवर बसून तक्रार करता?” साहेब खो खो हसले. “अहो, ही माशांची मंजुरी आहे. तुमची लेक कुठल्या खर्चात दाखवू? नोकरी नकोशी झालीय का?”

बाई परत खिडकीवर जाऊन बसल्या.

मग वरून तपासणी पथक आलं. साहेबांनी टाकीपुढे छाती काढली. “थेंबन् थेंब आपल्या नळाचा!” पथकप्रमुखांनी काचेला नाक लावलं. “वा! लोक उगाच ओरडतात.”

तेवढ्यात बाई मागच्या खोलीतून कॅन उचलून निघाल्या. बाहेर जायचं मागचं दार उघडं होतं, तरी त्या भर हॉलमधून आल्या.

शिपाई इमानदार. तो ओरडला, “अहो बाई, माशांचं पाणी कुठे नेताय?”

सगळ्या माना वळल्या. साहेबांनी घाम पुसला. “चला, चला, आत चहा निवतोय.”

बाईंनी कॅन साहेबांच्या आणि पथकाच्या मधोमध ठेवला.

“माशांचा असेल तर राहू दे इथेच. नसेल तर घरी नेते, लेकीच्या दुधाला. मोठ्याने सांगा साहेब, कुणाचा आहे हा?”